तोकाइदो शिनकान्सेन

तोकाइदो शिनकान्सेन हा जपान देशातील टोकियो व ओसाका ह्या शहरांना जोडणारा द्रुतगती रेल्वेमार्ग आहे. १ ऑक्टोबर १९६४ रोजी वाहतुकीस खुला झालेला हा मार्ग जपानमधील शिनकान्सेन जाळ्यातील सर्वात जुना मार्ग असून तो जगातील पहिला द्रुतगती रेल्वेमार्ग मानला जातो. त्याची प्रत्यक्ष लांबी ५१५.४ किमी असून त्यावर १७ स्थानके आहेत. सर्वात वेगवान गाडी हे अंतर २ तास २१ मिनिटांत पार करते. १९८७ सालापासून हा मार्ग मध्य जपान रेल्वे कंपनीकडे आहे. त्यावरून दररोज चार लाखांहून अधिक प्रवासी प्रवास करतात.

जपानी भाषेत ‘शिनकान्सेन’ ह्या शब्दाचा अर्थ ‘नवा मुख्य मार्ग’ असा होतो. ‘तोकाइदो’ म्हणजे पूर्वेकडील समुद्रकाठचा रस्ता. एदो काळात (१६०३–१८६८) एदो, म्हणजे आजचे टोकियो, आणि क्योतो ह्यांना जोडणारा रस्ता ह्या नावाने ओळखला जात असे. त्यावर ५३ मुक्कामाची ठिकाणे होती व पायी प्रवासास सुमारे दोन आठवडे लागत. उतागावा हिरोशिगे ह्या चित्रकाराच्या मुद्राचित्रांमुळे ही ठिकाणे जपानबाहेरही प्रसिद्ध झाली. आजचा रेल्वेमार्ग बऱ्याच अंशी ह्याच जुन्या रस्त्याच्या दिशेने जातो.

== इतिहास ==

=== पार्श्वभूमी ===

टोकियो व कोबे ह्यांदरम्यानचा जुना तोकाइदो लोहमार्ग १८८९ साली पूर्ण झाला. जपानमधील बहुतेक लोहमार्गांप्रमाणे तोही १,०६७ मिमी रुंदीच्या अरुंद गेजचा होता. डोंगराळ प्रदेशात असे मार्ग बांधणे स्वस्त पडत असले, तरी तीव्र वळणांमुळे गाड्यांच्या वेगावर मर्यादा येत. १९४० च्या सुमारास टोकियोहून पश्चिमेकडे जाणाऱ्या स्वतंत्र रुंद मार्गाची योजना आखण्यात आली. ‘बंदुकीच्या गोळीसारखी गाडी’ अशा अर्थाच्या नावाने ती ओळखली जाई. काही बोगद्यांचे काम सुरूही झाले, परंतु दुसऱ्या महायुद्धामुळे ते थांबले.

युद्धानंतर जपानची औद्योगिक वाढ झपाट्याने झाली. देशातील सर्वात मोठी शहरे व कारखाने तोकाइदो पट्ट्यात एकवटलेले असल्याने जुन्या मार्गावर मालगाड्या, लोकल व जलद गाड्या ह्यांची दाटी झाली. १९५६ साली ह्या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले आणि १९५८ साली ‘कोदामा’ ही विजेवरील जलद गाडी सुरू झाली. ती टोकियो–ओसाका प्रवास सुमारे पावणेसात तासांत करीत असे. ह्यापुढे सुधारणेस फारसा वाव उरला नव्हता.

=== नव्या मार्गाचा निर्णय ===

ह्याच काळात अमेरिका व युरोपमध्ये मोटारगाडी व विमान ह्यांमुळे रेल्वेचे दिवस सरले, असा समज दृढ होत होता. त्यामुळे कोट्यवधी येन खर्चून संपूर्ण नवा मार्ग बांधण्यास जपानमध्येही मोठा विरोध होता. जुन्या मार्गाशेजारी त्याच गेजचे आणखी दोन रूळ टाकावेत, असे अनेकांचे मत होते. १९५५ साली जपानी राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष झालेले शिंजी सोगो व त्यांनी नेमलेले मुख्य अभियंता हिदेओ शिमा ह्यांनी मात्र १,४३५ मिमी गेजच्या स्वतंत्र मार्गाचा आग्रह धरला. मालगाड्या, लोकल गाड्या व रेल्वे फाटके ह्यांपासून पूर्णपणे मुक्त असा, केवळ जलद प्रवासी गाड्यांसाठी राखलेला मार्ग ही त्यांच्या योजनेची मूळ कल्पना होती.

मे १९५७ मध्ये रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेने टोकियोतील एका जाहीर व्याख्यानसत्रात टोकियो ते ओसाका प्रवास तीन तासांत शक्य असल्याचे मांडले. ह्या संस्थेत युद्धकाळात विमाननिर्मितीत काम केलेले अनेक अभियंते होते. तादानाओ मिकी ह्यांनी गाडीच्या हवेला कमी अडथळा करणाऱ्या आकारावर, तर तादाशी मात्सुदाइरा ह्यांनी वेगामुळे डब्यांना बसणाऱ्या हादऱ्यांवर संशोधन केले. ह्या व्याख्यानांमुळे योजनेस लोकांचा पाठिंबा वाढला.

=== बांधकाम व उद्घाटन ===

२० एप्रिल १९५९ रोजी शिन-तान्ना बोगद्याजवळ बांधकामाचा प्रारंभ झाला. १९६१ साली जागतिक बँकेने प्रकल्पास ८ कोटी अमेरिकन डॉलरचे कर्ज दिले. एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम लहान होती. परंतु आंतरराष्ट्रीय कर्जाची हमी जपान सरकारला द्यावी लागल्याने सरकार बदलले तरी प्रकल्प रद्द होण्याची शक्यता कमी झाली. १९६२ साली कानागावा प्रांतात मार्गाचा एक तुकडा चाचणीसाठी तयार करण्यात आला. ३० मार्च १९६३ रोजी तेथे प्रायोगिक गाडीने ताशी २५६ किमी वेग गाठला.

सुरुवातीला सुमारे २०० अब्ज येन मानलेला खर्च अखेरीस सुमारे ३८० अब्ज येनवर गेला. ह्या वाढीव खर्चावरून झालेल्या टीकेच्या पार्श्वभूमीवर १९६३ साली सोगो पदावरून दूर झाले व शिमा ह्यांनीही राजीनामा दिला. टोकियो ऑलिंपिकच्या नऊ दिवस आधी झालेल्या उद्घाटन समारंभात हे दोघेही सहभागी नव्हते. पुढे टोकियो स्थानकातील शिनकान्सेन फलाटाच्या टोकाशी सोगो ह्यांचे शिल्प असलेले स्मारक उभारण्यात आले.

=== नंतरचा काळ ===

सुरुवातीला ‘हिकारी’ गाडीला टोकियो ते शिन-ओसाका अंतरासाठी चार तास लागत. भराव नीट बसल्यावर वेग वाढविण्यात आला व नोव्हेंबर १९६५ पासून हा वेळ ३ तास १० मिनिटांवर आला. जुलै १९६७ मध्ये एकूण प्रवाशांची संख्या १० कोटींवर पोचली. १९७२ साली ओसाकाच्या पश्चिमेस ओकायामापर्यंत व १९७५ साली क्यूशू बेटावरील हाकातापर्यंत सान्यो शिनकान्सेन हा पुढचा मार्ग सुरू झाला. आता अनेक गाड्या टोकियोहून थेट हाकातापर्यंत धावतात. ह्या यशानंतर फ्रान्ससह अनेक देशांनी द्रुतगती रेल्वेमार्ग बांधले.

== मार्ग व स्थानके ==

टोकियोकडून निघाल्यास स्थानकांचा क्रम असा आहे: टोकियो, शिनागावा, शिन-योकोहामा, ओदावारा, आतामी, मिशिमा, शिन-फुजी, शिझुओका, काकेगावा, हामामात्सु, तोयोहाशी, मिकावा-आंजो, नागोया, गिफू-हाशिमा, माइबारा, क्योतो व शिन-ओसाका. उद्घाटनाच्या वेळी ह्यांपैकी १२ स्थानके होती. मिशिमा १९६९ साली, शिन-फुजी, काकेगावा व मिकावा-आंजो १९८८ साली आणि शिनागावा २००३ साली सुरू झाले. नागोया टोकियोपासून ३४२ किमी, तर क्योतो ४७६.३ किमी अंतरावर आहे. ‘शिन’ म्हणजे नवे. शिन-योकोहामा व शिन-ओसाका ही स्थानके शहराच्या जुन्या मुख्य स्थानकांपासून दूर असल्याने तेथे पोचल्यावर शहरात जाण्यासाठी दुसरी गाडी पकडावी लागते.

नागोया व क्योतोच्या दरम्यान मार्ग सेकिगाहारा खिंडीतून जातो. सुझुका पर्वतरांगेतून जाणारा जवळचा मार्ग बोगद्यांच्या अडचणींमुळे सोडून देण्यात आला. सेकिगाहारा परिसरात हिवाळ्यात बराच बर्फ पडतो. धावत्या गाडीखाली साचलेल्या बर्फाचे तुकडे खाली पडून रुळांखालची खडी उडते व डब्यांचे नुकसान होते. त्यामुळे तेथे रुळांवर पाण्याचे फवारे मारले जातात व जोराच्या हिमवृष्टीत गाड्या सावकाश चालविल्या जातात. मार्गाचा मोठा भाग मातीच्या भरावावर असल्याने अतिवृष्टीतही वाहतूक थांबवावी लागते.

== तंत्रज्ञान ==

मार्गावरील वळणांची त्रिज्या सर्वसाधारणपणे २,५०० मीटर किंवा त्याहून अधिक ठेवण्यात आली आहे. वीजपुरवठा २५,००० व्होल्ट व ६० हर्ट्झचा आहे. जपानच्या पूर्व भागात ५० व पश्चिम भागात ६० हर्ट्झची वीज असल्याने पूर्वेकडील टप्प्यासाठी वारंवारता बदलणारी केंद्रे बांधावी लागली.

गाडीला स्वतंत्र इंजिन नसून बहुतेक डब्यांच्या आसांवर विजेच्या मोटारी असतात. त्यामुळे वजन सर्व डब्यांत विभागले जाते आणि वेग लवकर वाढवता येतो. ताशी २०० किमीहून अधिक वेगात रुळांशेजारचे दिवे चालकाला खात्रीने ओळखता येत नाहीत. म्हणून परवानगी असलेला वेग चालकाच्या कक्षातच दाखवला जातो व मर्यादा ओलांडल्यास ब्रेक आपोआप लागतात.

कमाल वेग सुरुवातीला ताशी २१० किमी होता. तो १९८६ साली २२०, १९९२ साली २७० व २०१५ साली २८५ किमी झाला. नंतरच्या काळात बांधलेल्या शिनकान्सेन मार्गांवरील वळणे अधिक सौम्य आहेत. तोकाइदो मार्गावर मात्र वळणे न बदलता वेग वाढवायचा असल्याने एन७०० ह्या प्रकारच्या गाड्या हवेच्या स्प्रिंगांच्या साहाय्याने वळणावर सुमारे एक अंशाने कलतात. जुलै २०२० पासून एन७००एस ह्या सुधारित गाड्या धावू लागल्या. प्रत्येक गाडी १६ डब्यांची असून तिच्यात १,३२३ आसने असतात.

== प्रवासी सेवा ==

ह्या मार्गावर तीन प्रकारच्या गाड्या धावतात.

* नोझोमी (‘आशा’): १९९२ साली सुरू झालेली सर्वात वेगवान सेवा. ती टोकियो, शिनागावा, शिन-योकोहामा, नागोया, क्योतो व शिन-ओसाका येथे थांबते.
* हिकारी (‘प्रकाश’): वरील स्थानकांखेरीज मधल्या काही स्थानकांवर थांबते.
* कोदामा (‘प्रतिध्वनी’): सर्व स्थानकांवर थांबते. मधल्या स्थानकांवर ती बाजूच्या रुळावर उभी राहते व वेगवान गाड्या पुढे जातात.

१९६४ साली ताशी एक हिकारी व एक कोदामा असे वेळापत्रक होते. मार्च २०२० पासून गर्दीच्या वेळी ताशी १२ पर्यंत नोझोमी सोडता येतात. नैसर्गिक आपत्तींमुळे होणारा खोळंबा धरूनही गाड्यांचा सरासरी उशीर सहसा एका मिनिटाच्या आसपास असतो. मध्यरात्री ते सकाळी ६ ह्या वेळेत गाड्या धावत नाहीत. हा वेळ मार्गाच्या देखभालीसाठी राखलेला आहे.

प्रवाशाकडे अंतरानुसार मूळ भाड्याचे व जलद गाडीचे अशी दोन तिकिटे असावी लागतात. ती एकत्रही मिळतात. साधारण वर्गात मार्गिकेच्या एका बाजूस तीन व दुसऱ्या बाजूस दोन आसने असतात, तर ‘ग्रीन’ ह्या उच्च वर्गात दोन्ही बाजूंस दोन-दोन असतात. आसने फिरवता येत असल्याने सर्व प्रवासी गाडीच्या दिशेने तोंड करून बसू शकतात. काही डबे अनारक्षित असतात, मात्र वर्षअखेरीसारख्या गर्दीच्या हंगामात नोझोमी गाड्या पूर्णपणे आरक्षित ठेवल्या जातात. लांबी, रुंदी व उंची ह्यांची बेरीज १६० सेंमीहून अधिक असलेल्या सामानासाठी २०२० सालापासून विशिष्ट आसन आरक्षित करावे लागते. ओसाकाकडे जाताना शिन-फुजीच्या आसपास, हवा स्वच्छ असल्यास, उजव्या बाजूच्या खिडक्यांतून फुजी पर्वत दिसतो.

स्थानकांवर मिळणारे ‘एकिबेन’ हे खाद्यपदार्थांचे डबे ह्या प्रवासाचा परिचित भाग आहेत. नोझोमी व हिकारी गाड्यांत ढकलगाडीवरून होणारी विक्री ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली आणि मार्च २०२४ पासून गाड्यांत धूम्रपानास पूर्ण बंदी आहे. परदेशी पर्यटकांसाठीचा जपान रेल पास नोझोमीवर पूर्वी चालत नसे. ऑक्टोबर २०२३ पासून वेगळे शुल्क भरून तो वापरता येतो. त्याच वेळी साधारण वर्गाच्या सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली.

== सुरक्षितता ==

गाडी घसरल्याने किंवा गाड्यांची टक्कर झाल्याने ह्या मार्गावर एकाही प्रवाशाचा मृत्यू झालेला नाही. ह्या विधानाचा अर्थ मार्गावर प्रवाशांचे मृत्यूच झालेले नाहीत, असा मात्र नाही. डिसेंबर १९९५ मध्ये मिशिमा स्थानकावर दारात अडकलेला एक विद्यार्थी गाडीबरोबर ओढला जाऊन मरण पावला. जून २०१५ मध्ये एका प्रवाशाने धावत्या गाडीत स्वतःस पेटवून घेतल्याने त्याच्यासह आणखी एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला. जून २०१८ मध्ये गाडीतील चाकूहल्ल्यात एक प्रवासी ठार झाला. स्थानकांवर प्रवेशापूर्वी सर्वांच्या सामानाची तपासणी होत नाही.

भूकंपाच्या सुरुवातीच्या सौम्य लहरी ओळखून वीजपुरवठा तोडणारी व गाड्या थांबवणारी यंत्रणा १९९२ सालापासून वापरात आहे. रूळ व तारा तपासणारी पिवळ्या रंगाची ‘डॉक्टर यलो’ ही गाडी प्रवाशांमध्येही लोकप्रिय आहे. मध्य जपान रेल्वेची अशी गाडी जानेवारी २०२५ मध्ये सेवानिवृत्त झाली.

== पर्यावरण व न्यायालयीन लढा ==

नव्या मार्गाचा आवाज व हादरे ह्यांचा त्रास रुळांलगतच्या वस्त्यांना झाला. नागोया शहरात मार्ग दाट वस्तीतून जातो. तेथील ५७५ रहिवाशांनी १९७४ साली जपानी राष्ट्रीय रेल्वेविरुद्ध खटला दाखल केला. गाड्यांचा वेग कमी करावा व नुकसानभरपाई मिळावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. १९७५ साली सरकारने शिनकान्सेनच्या आवाजासाठी निवासी भागात ७० व इतरत्र ७५ डेसिबलची मर्यादा ठरवली. १९८० व १९८५ सालच्या निकालांत न्यायालयांनी भरपाई मान्य केली, परंतु वेग कमी करण्याची मागणी फेटाळली. १९८६ साली दोन्ही पक्षांत तडजोड झाली. ह्यानंतर ध्वनिरोधक भिंती आणि वजनाने हलके, लांब निमुळत्या नाकाचे डबे ह्यांवर अधिक भर देण्यात आला.

== भवितव्य ==

टोकियो, नागोया व ओसाका ह्यांमधील बहुतांश जलद वाहतूक एकाच मार्गावर अवलंबून असणे, ही तोकाइदो शिनकान्सेनची मोठी मर्यादा मानली जाते. हा मार्ग मोठ्या भूकंपाची शक्यता असलेल्या किनारपट्टीजवळून जातो व त्याची बांधकामेही जुनी झाली आहेत. पर्याय म्हणून देशाच्या अंतर्भागातून चुओ शिनकान्सेन हा चुंबकीय तरंगत्या गाड्यांचा मार्ग बांधला जात आहे. त्याचे काम २०१४ साली सुरू झाले. ओइ नदीच्या पाण्यावर बोगद्याचा परिणाम होईल, ह्या कारणाने शिझुओका प्रांताने आक्षेप घेतल्यामुळे त्या प्रांतातील काम रखडले. मार्च २०२४ मध्ये कंपनीने २०२७ साली नागोयापर्यंतचा टप्पा सुरू करण्याचे लक्ष्य सोडून दिले.

== भारताशी संबंध ==

मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वेमार्गासाठी शिनकान्सेनचे तंत्रज्ञान निवडण्यात आले असून त्याची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबाद येथे झाली. ५०८ किमी लांबीचा हा नियोजित मार्ग टोकियो–शिन-ओसाका अंतराच्या जवळपास आहे. त्यावरील १२ स्थानकांपैकी मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार व बोईसर ही चार महाराष्ट्रात आहेत. भारतातील १,६७६ मिमी ब्रॉड गेजऐवजी येथे तोकाइदो शिनकान्सेनप्रमाणेच १,४३५ मिमी गेजचा, इतर गाड्यांपासून पूर्णपणे वेगळा मार्ग बांधला जात आहे.