कातळातला चुंबक: पोलादपूर ते अलिबाग

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर चढताना कडेला जो काळा कातळ लागतो, त्यावर होकायंत्र टेकवलं तर काही ठिकाणी सुई उत्तर सोडून भलतीकडे वळते. तेच कंबरेइतकं वर उचललं की बरीचशी ताळ्यावर येते. कातळात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात, आणि लहान चुंबकाचा जोर अंतराच्या घनाप्रमाणे घटतो: अंतर दुप्पट झालं की जोर एक अष्टमांश उरतो. पृथ्वीचा चुंबक मात्र इतका मोठा की दोन हात वर-खाली केल्याने त्यात काहीच फरक पडत नाही. त्याचं क्षेत्र ध्रुवांजवळ साठ हजार नॅनोटेस्लाच्या वर, विषुववृत्ताच्या पट्ट्यात तीस-चाळीस हजार, अलिबागला सुमारे ४३ हजार. सुई दाखवते ती जवळच्या आणि दूरच्या चुंबकाची बेरीज. रायगड जिल्ह्यातल्या चुंबकीय संशोधनाचा इतिहास म्हणजे ही बेरीज फोडण्याचा इतिहास, आणि त्यात कातळाला निव्वळ अडथळा मानणं मला अन्यायाचं वाटतं.

अडथळा तो होताच, हे आधी मान्य करायला हवं. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरलं, तेव्हा संचालक नानाभॉय मूस यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. नुसत्या लोखंडाची बाधा असती तर थोडं लांब सरकून भागलं असतं. पण लांबलचक तारेतल्या प्रवाहाचं क्षेत्र घनाप्रमाणे झपाट्याने घटत नाही, ते सावकाश ओसरतं. शिवाय रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह वेगळाच. म्हणून खाडीपलीकडे अलिबाग निवडलं. तिथली इमारत आसपास मुबलक असलेल्या काळ्या दगडाची न बांधता पोरबंदरी दगडाची बांधली, कारण काळा दगड स्वतःच चुंबक. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप घेऊन जुनी नोंद नवीला जोडली, आणि १९०७मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. ही दूरदृष्टी होती म्हणूनच ती नोंदींची माळ तुटली नाही.

अलिबागने दगडापासून लांब जाऊन बेरीज फोडली. पोलादपूरच्या कातळात ती जवळ जाऊन फोडावी लागते. लाव्हा थिजून सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली उतरला की मॅग्नेटाइट त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवतं. संशोधक कातळात बोटाएवढा गाभा छिद्र पाडून काढतात आणि त्यावर दिशेची खूण करतात. इथे होकायंत्र फसवतं, म्हणून ती खूण पुष्कळदा सूर्याच्या सावलीवरून करतात. क्लेग आणि सहकाऱ्यांनी १९५६मध्ये दख्खनी कातळाची मोजणी प्रसिद्ध केली. दख्खनच्या अशा मोजण्यांतून दिसलं की जुन्या थरांतली दिशा दक्षिण-आग्नेयेकडे, क्षितिजाखाली ४५ अंशांच्या आसपास कललेली आहे. कल अक्षांशाप्रमाणे बदलतो. त्यावरून तेव्हाचा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २५ ते ३० अंशांवर होता असं निघतं, आणि पृथ्वीचं क्षेत्रही आजच्या उलट होतं.

यावर रास्त शंका येते: सह्याद्रीच्या माथ्यांवर विजा कोसळतात, मग दगडातला चुंबक मूळचाच कशावरून? खरं आहे, वीज पडलेला दगड जबरदस्त चुंबकित होतो. पण नमुना टप्प्याटप्प्याने तापवला, किंवा घटत जाणाऱ्या प्रत्यावर्ती क्षेत्रात ठेवला, की वरवरचा ठसा आधी पुसला जातो आणि जुना, चिवट ठसा मागे उरतो. दुसरी शंका अशी की काही खनिजं आपोआप उलट चुंबकित होत असतील. तसं असतं तर उलट-सुलट थर कसेही विखुरलेले मिळाले असते. प्रत्यक्षात खालचे थर उलट आणि महाबळेश्वरच्या माथ्याकडचे सुलट, असा क्रम सापडतो. १९८०च्या दशकात भूशास्त्रज्ञांनी यांतल्या एका थरसमूहाला पोलादपूरचंच नाव दिलं; तो उलट क्षेत्राच्या पर्वातला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले तेही त्याच पर्वात. म्हणून सावित्रीच्या खोऱ्यातला हा दगड आणि समुद्रतळाच्या गाळात नोंदला गेलेला तो संहार, दोन्ही एकाच मोजपट्टीवर शेजारी ठेवता येतात.