शुश्रूषा करणाऱ्यांचा आधार

स्मृतिभ्रंशाच्या इतिहासांत दोन नांवें अजरामर झालीं आहेत : एक डॉक्टरांचें व दुसरें त्यांच्या रुग्णाचें. तिसरा माणूस मात्र अंधारांतच राहिला. तो म्हणजे त्या रुग्णाचा पति.

इ. स. १९०१ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील फ्रांकफुर्ट येथें कार्ल डेटर नांवाच्या रेल्वे-कारकुनानें आपली पत्नी ऑगुस्टे हिला वेड्यांच्या इस्पितळांत दाखल केलें. तिचें वय अवघें ५१ होतें. डॉ. आलोइस अल्झायमर यांनीं तिचीं लक्षणें बारकाईनें टिपून ठेविलीं. १९०६ सालीं ती वारल्यावर त्यांनीं तिचा मेंदु सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासला आणि त्याच वर्षीं ट्यूबिंगेनच्या विद्वत्सभेंत आपले निष्कर्ष मांडले. १९१० मध्यें क्रेपेलिन यांनीं या रोगास अल्झायमर यांचें नांव दिलें. इकडे इस्पितळाचा खर्च भागवितांना कार्ल जिकिरीस आला होता व पत्नीस स्वस्त ठिकाणीं हलविण्याचा विचार त्यास करावा लागला होता. त्याच्या थकव्यावर शास्त्राजवळ उपाय नव्हता.

पुढें साठ-पासष्ट वर्षें हा रोग ऐन वयांतील थोड्या लोकांचाच मानला गेला. वृद्धांचें विस्मरण ‘साठी बुद्धि नाठी’ अशा समजुतीनें सोडून देण्यांत येई. १९७६ सालीं अमेरिकेंतील डॉ. रॉबर्ट कॅट्झमन यांनीं वृद्धांचा स्मृतिभ्रंशहि बव्हंशीं हाच रोग होय, असें प्रतिपादिलें. तेव्हां कोठें घरच्या माणसांस उमगलें, कीं आपली आई हट्टी नसून आजारी आहे.

या जाणिवेंतूनच संस्था निघाल्या. १९७९ मध्यें इंग्लंडांत अल्झायमर सोसायटी स्थापन झाली, ती अशा आप्तांची सेवा करून थकलेल्या लोकांच्याच पुढाकारानें. १९९७ मध्यें हॉलंडांतील लायडन येथें मानसशास्त्रज्ञ बेरे मीसेन यांनीं ‘अल्झायमर कॅफे’ सुरू केला. तेथें रुग्ण, आप्त व तज्ज्ञ एकत्र बसून कॉफी घेत आणि ज्याचा उच्चार घरांत होत नसे, त्या रोगाविषयीं मोकळेपणानें बोलत.

भारतांत १९९२ सालीं डॉ. जेकब रॉय कुरियाकोस यांनीं केरळांतील कोची येथें अशी संस्था काढली. त्यांच्या वडिलांसच हा रोग झाला होता. पुढें मुंबई-गोव्याकडेहि तिच्या शाखा निघाल्या. अशा संस्थांचें कार्य साधें असतें. दिवसा चालणाऱ्या केंद्रांत रुग्णास गाणीं, व्यायाम व जेवण मिळतें, आणि तेवढे तास घरच्या सुनेस झोप घेतां येते किंवा स्वतःच्या दुखण्यासाठीं डॉक्टर गांठतां येतो. आप्तांच्या बैठकींत अनुभवाचे बोल ऐकावयास मिळतात. आपल्याच घरांत बसून सासूबाई ‘मला घरीं जायचंय’ म्हणूं लागल्या, तर वाद न घालतां त्यांचा हात धरून चार पावलें फिरवून आणावें, हें तेथें कळतें.

वडील माणसांची सेवा हा आपल्याकडे धर्म मानला गेला आहे, व तें योग्यच आहे. परंतु त्यामुळेंच ‘मी थकलें’ हे शब्द सुनेच्या ओठांवर येत नाहींत. ते जेथें न लाजतां उच्चारतां येतात, अशी जागा या संस्थांनीं दिली. रोग समूळ बरा करणारें औषध अद्याप सांपडलेलें नाहीं. तोंवर कार्ल डेटरसारख्यांस दुपारचे चार तास मोकळे मिळवून देणें शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातचें आहे.