अटलांटिकवरील एकटा नाविक

अमेरिकेंतील क्लीव्हलँडच्या एका दैनिकाचे उपसंपादक रॉबर्ट मॅनरी यांनीं १९५८ सालीं साडेतेरा फुटांची जुनी शिडाची होडी घेतली व ‘टिंकरबेल’ नांवानें स्वतः डागडुजून सिद्ध केली. मोठ्या नौकेंतून सोबत येणाऱ्या मित्राचा बेत फिरला. परंतु कचेरींत त्यांनीं तें कळूं दिलें नाहीं. मोटारीमागें गाड्यावरून होडी किनाऱ्यास नेऊन १ जून १९६५ रोजीं मॅसॅच्युसेट्समधील फालमथहून ते एकटेच निघाले. एकट्या नाविकाचा खरा वैरी निद्रा! जागरणानें त्यांना नसलेलीं माणसें दिसूं लागलीं. लाटांनीं अनेकदां पाण्यांत फेकलें. अंगास बांधलेल्या दोरानेंच तारलें. ७८ दिवसांनीं ते इंग्लंडच्या फालमथला पोहोंचले, तेव्हां धक्क्यावर माणसांची दाटी झाली होती.