डायनोसॉरांची नासिका व श्वसनरचना

डायनोसॉर अर्थात भीमसरट या लुप्त प्राण्यांच्या नाकपुड्या, नासामार्ग व वायुकोश यांची, अश्मीभूत हाडांवरील खुणा आणि हयात प्राण्यांचे शरीर यांच्या आधारे अनुमानिलेली रचना. नाकातील कास्थी व त्वचा क्वचितच अश्मीभूत होत असल्याने येथे जिवंत जनावराची साक्ष हाडाइतकीच मोलाची ठरते.

ती साक्ष धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील कोणत्याही गोठ्यात मिळते. ओले मुसकट कोरडे पडले की बैल आजारी आहे हे शेतकरी हेरतो. परंतु वेसण ज्या पडद्यातून ओवतात त्याच्या दोहों अंगांच्या पोकळीत, बाहेरून न दिसणाऱ्या, सुरळीसारख्या वळलेल्या पातळ अस्थी असतात. या नासाशुक्तिकांच्या ओल्या आवरणावरून आत जाणारी हवा ऊब व ओल घेते, आणि परतणारा उच्छ्वास थंडावलेल्या त्याच आवरणावर आपल्या वाफेचा बराचसा भाग ठेवून जातो. वैशाखात पांझरा नदीकाठी ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या धापा टाकतात तेव्हा नाकात थंड झालेले रक्त मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांच्या जाळ्याभोवती खेळते व मेंदूचा ताप उतरवते. एवढी सूक्ष्म तजवीज नाकासारख्या उपेक्षित इंद्रियात असावी, हे खरोखर विस्मयकारक आहे.

डायनोसॉरांचे नासामार्ग अरुंद, म्हणून त्यांत उष्णरक्ती प्राण्यांत आढळणाऱ्या शुक्तिका नसाव्यात व ते उष्णरक्ती नसावेत, असे जॉन रूबेन व सहकाऱ्यांनी 1996 मध्ये प्रतिपादले. हा निष्कर्ष घाईचा वाटतो. कारण चिलखती युओप्लोसेफॅलसच्या कवटीतील नागमोडी मार्गांतून हवा संगणकावर खेळवून, लांबलेल्या वाटेनेही तेच शीतनकार्य साधते, असे 2018 मध्ये दाखविण्यात आले. पॅरासॉरोलोफसच्या तुऱ्यातील नळ्यांना टोकाशी छिद्रच नसल्याने, पाण्यात बुडून श्वास घेण्यासाठी तो तुरा होता ही जुनी कल्पना बाद झाली; तो नाद घुमविण्याचे साधन असावा. मांसल नाकपुडी मुखाच्या पुढील टोकाजवळ असे, हे लॉरेन्स विटमर यांनी 2001 मध्ये मांडल्यापासून दीर्घग्रीव डायनोसॉरांच्या चित्रांत तिची जागा माथ्यावरून खाली आली.

फुप्फुसाचा दाखला डायनोसॉरांच्याच वंशातल्या कोंबडीत मिळतो. तिच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, आणि ती खेळविणाऱ्या वायुकोशांचे फाटे हाडांत शिरून त्यांना पोकळ करतात. तशाच पोकळ्या मादागास्करच्या माजुंगासॉरस या मांसाहारी डायनोसॉरच्या मणक्यांत आढळल्या. गुजरातेतील रहिओलीचा राजासॉरस त्याच्याच कुळातला.

साक्रीचा मुलूख लाव्ह्याच्या काळ्या कातळाचा, आणि वितळलेल्या शिलारसात हाड टिकत नाही. ते टिकते गाळाच्या थरांत. अशाच लॅमेटा थरांत चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावी आयसीसॉरस हा दीर्घग्रीव डायनोसॉर सापडला. सोहनलाल जैन व शाश्वती बंद्योपाध्याय यांनी 1997 मध्ये त्याचे वर्णन केले. त्या सांगाड्यासोबत कवटी मिळाली नाही, म्हणून नाकाविषयी हाडांचा पुरावा नाही. मणक्यांच्या कुशींतील खळगे मात्र तेथे एकेकाळी वायुकोश शिरले होते, हे सांगतात.