आमचा गाव बदलापूर

ना. गो. चापेकर (१८६९–१९६८) यांचा ग्रामवर्णनपर मराठी ग्रंथ. प्रकाशन १९३३. ठाणे जिल्ह्यातील उल्हास नदीकाठच्या बदलापूर गावाची सामाजिक व आर्थिक पाहणी हा त्याचा विषय.

लेखक : न्यायाधीश, संशोधक. बडोदे येथील साहित्य संमेलनाचे (१९३४) अध्यक्ष. इतर ग्रंथ : ‘चित्पावन’, ‘पेशवाईच्या सावलीत’.

स्थान : त्रिं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) आधीचा, त्यामुळे पहिलेपणाचा मान चापेकरांना देताना जपून बोलावे लागते. मात्र आत्र्यांच्या ग्रंथात मराठी खेडे सरसकट येते. चापेकरांनी नाव आणि शिवार ठरलेले एकच गाव घेतले. प्रस्तुत नोंदकर्त्याला हेच या ग्रंथाचे खरे मोल वाटते. शेजारच्या खोपोलीचे र. वा. दिघे यांनी शेतकऱ्यांचे जिणे कादंबरीतून मांडले (‘पाणकळा’, ‘पड रे पाण्या’). दोघांना एकत्र वाचले तरच हा पट्टा कळतो.

शेतीची पार्श्वभूमी : मुख्य पीक भात. त्याची सुरुवात उन्हाळ्यात राबापासून होते. आवणाच्या (भातरोपांच्या) जागेवर शेण, टहाळ (तोडलेल्या फांद्या), पालापाचोळा व गवत यांचे थर पसरून वर बारीक माती टाकतात. राब पेटवायचा तो वाऱ्याच्या उलट अंगाने. म्हणजे आग धावत सुटत नाही, सावकाश सरकते आणि जमीन नीट भाजते. तणाचे बी जळते, राख खत होते. पहिल्या पावसाबरोबर तेथे भात पेरतात. रोपे तयार झाली की उपटून त्यांच्या मुठी बांधतात आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावणी होते. कापणीनंतर भारे उडवीत (गंजीत) रचून सवडीने खळ्यावर झोडतात. टहाळ जंगलातून येई, त्यामुळे तो तोडण्यावरून शेतकरी व जंगलखाते यांच्यात एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींसाठी मुंबई सरकारने आयोग नेमला (अहवाल १८८७). राबाने जमीन सुधारते की जंगल संपते, यावर तेव्हाही एकमत नव्हते.

कारागिरी : बांबूची इरली, सुपे, कणग्या.

परिसर : अंबरनाथचे शिवमंदिर (शके ९८२) प्रसिद्ध आहे, त्याच्या भोवतालच्या शेतीकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या कल्याण छावणीतून उभे राहिलेले शहर.

सद्यःस्थिती : १८५६ मध्ये आलेल्या रेल्वेने गाव मुंबईला जोडले आणि पुढे उपनगरी वस्ती वाढली. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. अनेक खाचरांवर आता इमारती आहेत. ज्यांनी स्वतः राब भाजला, लावणी केली अशी माणसे अजून गावठाणांत आहेत. त्यांच्या तोंडची हकीकत उतरवून घेण्याचे काम येथील वाचनालयांनी व महाविद्यालयांनी आताच हाती घ्यावे.