वही कोणाची?

संगणकाच्या साहाय्याने दिल्या जाणाऱ्या शिक्षणाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या वंशावळीसारखा सांगितला जातो: आधी खोलीभर संगणक, मग मेजावरचा, मग आंतरजाल. आम्हांस तो एका वेगळ्या प्रश्नाच्या अनुषंगाने वाचावासा वाटतो. विद्यार्थ्याने शिकताना जे लिहिले, जे चुकले, जे साठवले, ते अखेर कोणाच्या ताब्यात राहिले?

१९६० साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी 'प्लेटो' ही प्रणाली उभी केली. पाठ अध्यापकाने रचायचा, विद्यार्थ्याने पडद्यासमोर बसून उत्तर द्यायचे आणि ते बरोबर की चूक हे यंत्राने सांगायचे, अशी तिची मूळ कल्पना. परंतु १९७३ साली याच प्रणालीवर डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने 'नोट्स' ही आज्ञावली लिहिली. दोष कळवण्याची सोय म्हणून ती जन्माला आली आणि थोड्याच काळात तेथे नाना विषयांवर चर्चा रंगू लागल्या. संस्थेने बांधलेल्या घरात विद्यार्थ्यांनी आपला कट्टा शोधला; घराची किल्ली मात्र संस्थेकडेच राहिली.

दुसरी परंपरा एका विद्यार्थ्याच्या निकडीतून आली. पोलंडमधील पोझ्नान येथे शिकणाऱ्या पिओत्र वोझ्नियाक याला इंग्रजी शब्द आणि जीवशास्त्र लक्षात ठेवायचे होते. एखादी गोष्ट किती दिवसांनी पुन्हा पाहिली असता विसरत नाही, याचे हिशेब त्याने १९८५ साली कागदावर मांडले आणि १९८७ साली त्यांतून 'सुपरमेमो' ही आज्ञावली सिद्ध केली. येथे पाठ निवडणारा, परीक्षक आणि निकाल पाहणारा एकच. जपानी शिकताना डेमियन एल्म्स यांनी २००६ साली 'अंकी' रचले, ते याच वाटेने.

विद्यापीठांनी मात्र पहिली वाट धरली. १९९०च्या दशकाच्या मध्यास ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मरे गोल्डबर्ग यांनी 'वेबसीटी' घडवली. १९९७ साली 'ब्लॅकबोर्ड' कंपनी स्थापन झाली आणि २००६ साली तिने 'वेबसीटी' गिळंकृत केली. २००२ साली मार्टिन डुगियामास यांनी 'मूडल' सर्वांना मुक्तपणे दिले. पण आज्ञावली मुक्त झाली म्हणून विद्यार्थी मुक्त होतोच असे नाही. या प्रणालींचे एकक अभ्यासक्रम हे आहे, शिकणारा माणूस नव्हे. कोणी कोणते पान कधी उघडले याची नोंद अध्यापकाला दिसते; आणि सत्र संपल्यावर संस्थेने दार लावले, की कादंबरीवर घातलेला वाद, सुचलेला अन्वयार्थ, सहाध्यायाने दाखवलेली चूक, सारे आतच राहते.

२००८ साली मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी ही चौकट उलटून पाहिली. शुल्क भरणारे विद्यार्थी सुमारे पंचवीस. विनामूल्य सहभागी दोन हजारांवर. प्रत्येकाने आपापल्या जागी लिहावे आणि अभ्यासक्रमाने केवळ त्या लेखनाचे दुवे जोडावेत, ही त्यामागची दृष्टी. लिहिलेले ज्याचे त्याच्याकडे राहिले. मात्र नोंदणी केलेल्यांपैकी बहुतेक जण सक्रिय राहिले नाहीत.

हा शेवटचा तपशील आम्ही दडवू इच्छित नाही. स्वतःचा मार्ग आखण्याची सवय ज्याला आधीच लागली आहे, त्यालाच स्वाध्यायाची साधने सर्वाधिक फळतात. ज्याच्या घरी पुस्तके नव्हती, त्याला वेळापत्रक, सोबती आणि चूक दाखवणारा अध्यापक संस्थेतूनच मिळतो. म्हणून संस्था नकोत, असे आमचे म्हणणे नाही.

मात्र कागदी वहीच्या काळात एक गोष्ट गृहीत होती: तास महाविद्यालयाचा, फळा महाविद्यालयाचा, परीक्षाही महाविद्यालयाची, वही तेवढी विद्यार्थ्याची. ती तो घरी नेई आणि वीस वर्षांनी काढून वाचू शके. आपल्या महाविद्यालयात नवी प्रणाली येईल तेव्हा अध्यापकांनी एवढेच विचारावे: सत्रान्ती विद्यार्थ्याला आपले सारे लेखन, बाहेर उघडता येईल अशा रूपात, सोबत नेता येईल काय?