पिवळ्या दिव्याचे मूळ

गेल्या वर्षी अमरावती-अकोला रस्त्यावर माझ्या २०१४ सालच्या पेट्रोल गाडीतला, इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा लागू लागला. गाडी बरी चालत होती. गॅरेजात बॅटरीची तार काढून पुन्हा लावली की दिवा जाई आणि अकोल्याच्या एक-दोन फेऱ्या झाल्या की मूर्तिजापूरच्या आसपास पुन्हा हजर होई. दोनदा ऑक्सिजन सेन्सर बदलला. पैसे गेले, दिवा राहिला. शेवटी जुनी कागदपत्रे चाळण्याच्या सवयीने मी स्वतःलाच विचारले, हा दिवा मुळात लावला कोणी आणि कशासाठी?

त्याचे मूळ लॉस एंजेलिसच्या धुरात आहे. १९४३ च्या उन्हाळ्यात त्या शहरावर डोळे चुरचुरवणारा धुरकट पडदा पसरला. पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, मोटारींतून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडून हा प्रकार घडतो. धूर कमी करणारी यंत्रणा गाड्यांत सक्तीने आली. पण ती पुढे वर्षानुवर्षे नीट चालते की नाही, हे पाहणार कोण? तेव्हा गाडीनेच स्वतःवर नजर ठेवावी, असा नियम कॅलिफोर्नियाने केला आणि तो १९८८ च्या मॉडेलांपासून लागू झाला. १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत सोळा पिनांचे एकच सॉकेट आणि एकसारखे कोड आले. थोडक्यात, हा दिवा हवेच्या वतीने बसवलेला पहारेकरी आहे. म्हणूनच गाडी झकास पळत असतानाही तो लागू शकतो.

आपल्याकडे १ एप्रिल २०१० रोजी भारत स्टेज ४ लागू झाले ते १३ शहरांत. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. वऱ्हाडातले एकही नव्हते. २०१३ पासून या मानकाच्या गाड्यांत ही यंत्रणा पूर्ण स्वरूपात आली आणि १ एप्रिल २०१७ पासून हे मानक देशभर सक्तीचे झाले. आमच्याकडचे जाणते मिस्त्री कार्बोरेटरवर तयार झालेले, कानाने ऐकून दोष सांगणारे. त्यांच्या हाती हा बिनआवाजाचा दोष आला.

मूर्तिजापूरचे गूढ नियमातच होते. बहुतेक दोषांत दिवा पहिल्या वेळी लागत नाही. लागोपाठ दोन फेऱ्यांत तोच दोष आढळला तर लागतो. तार काढली की यंत्राची आठवण पुसते आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

अकोल्यातल्या एका तरुण मिस्त्रीने मला तार काढू दिली नाही. म्हणाला, "भाऊ, तार काढली का दिवा जाते, बिमारी कुठी जाते?" त्याने कोड वाचला : पी ०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ही बातमी देणारा ऑक्सिजन सेन्सर केवळ साक्षीदार होता आणि आम्ही दोनदा साक्षीदारच बदलला होता! मग संगणक किती जादा पेट्रोल देतो, ते त्याने पाहिले. संथ इंजिनात फार. अडीच हजार फेऱ्यांवर जवळपास नेहमीइतके. पेट्रोलचा पुरवठा कमी पडत असता, तर इंजिनावर ताण येताच तूट वाढली असती. इथे उलट होते. कुठूनतरी चोरवाटेने हवा शिरत होती. इंजिन संथ असताना ते मुळात थोडीच हवा घेते, म्हणून त्या चोरट्या हवेचा वाटा तेव्हा मोठा पडत होता. इंजिनामागे एक रबरी नळी उष्णतेने कडक होऊन चिरलेली सापडली. ती बदलली, कोड पुसला. त्यानंतर दिवा लागलेला नाही.

कोड हा दस्तऐवजासारखा वाचावा. काय दिसले ते तो सांगतो, का घडले ते आपण शोधायचे. म्हणून भाग बदलण्याआधी कोड लिहून घ्यावा आणि दोषाच्या क्षणी यंत्राने टिपलेले आकडे पाहावेत. दिवा लुकलुकत असेल, तर मात्र गाडी बाजूला घ्यावी. तेव्हा न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर जाळू शकते.

तार काढून आम्ही दुरुस्ती करत आहोत, असे मला वाटत होते. खरे तर दर वेळी आम्ही पुरावा नष्ट करत होतो, आणि कागदपत्रे जपा म्हणून इतरांना सांगणारा मी त्याचे पैसे देत होतो.